पाणी कुठे मुरते?

मराठी भाषेत पाण्याची उणीव नाही. तोंडचे पाणी पळते, डोळ्यांत पाणी येते, एखाद्याचे पाणी जोखावे लागते, कुणी कुणाला पाणी पाजतो आणि पालथ्या घड्यावरचे पाणी तर आम्ही शिक्षक रोज तासाला दोनदा पाहतो. 'कुठेतरी पाणी मुरते आहे' हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो. परंतु त्याचा खरा अर्थ मला समजला तो व्यासपीठावर नव्हे, आमच्या घराच्या गॅरेजमध्ये, घोटाभर पाण्यात उभे राहून.

आमच्या घराला गॅरेज आहे असे सांगितले की ऐकणारा माझ्याकडे जरा आदराने पाहतो. तो आदर मी फार वेळ टिकू देत नाही. पुण्यात सहकारनगरात, टेकडीच्या उतारावर, माझ्या वडिलांनी १९७९ साली लहानसे घर बांधले. अप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. घर बांधताना त्यांनी मोठ्या हौसेने एक गॅरेज काढले. मोटार पुढे यथावकाश येईल, असा त्यांचा हिशेब होता. मोटार आली नाही. एक स्कूटर आली, ती म्हातारी झाली आणि गेली. तिच्या जागी हल्ली आमच्या सौभाग्यवतींची विजेवर चालणारी स्कूटर उभी असते. उरलेल्या जागेत माझा संसार आहे, म्हणजे कागदांचा. एम. ए. झाल्यापासून मी शब्द जमवतो आहे. आजीच्या तोंडचे, एस. टी.त शेजारी बसलेल्या शेतकऱ्याच्या तोंडचे, मंडईतले, सुताराच्या दुकानातले. एका शब्दाला एक चिठ्ठी. एका जुन्या वाचनालयाने मोडीत काढलेले लाकडी खणांचे कपाट मी आणले आणि त्यात या चिठ्ठ्या अकारविल्हे लावून ठेवल्या.

२०२२ च्या पावसाळ्यात गॅरेजमध्ये प्रथम पाणी आले. फार नव्हते, पण आले. आपल्याकडे अशा वेळी कारण शोधण्याआधी आरोपी शोधण्याची पद्धत आहे. माझ्याजवळ दोन आरोपी तयार होते. पहिला आमच्या दारावरचा रस्ता. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवला गेला आणि रस्ता आमच्या घरापेक्षा उंच होऊन बसला. दुसरे आरोपी आमचे शेजारी नाना. त्यांच्या गच्चीच्या पाण्याची नळी आमच्या सामाईक भिंतीच्या बाजूला उतरते. शेवग्याच्या एका फांदीवरून अप्पांचे आणि त्यांचे वाजले, तेव्हापासून जवळजवळ पंधरा वर्षे दोन्ही घरांत बोलणे नव्हते. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्यावर संशय घेणे फार सोपे असते.

मग मी उपाय केले. रंगाच्या दुकानात जाऊन 'पाणी थोपवणारा' म्हणून मिळणारा रंग आणला आणि भिंतींना आतून दोन हात दिले. साडेसहा हजार रुपये लागले. दारात नऊशे रुपयांची वाळूची पोती रचली. "बघा, आता थेंब येणार नाही," असे मी घरात जाहीर केले. अप्पा वर्तमानपत्रातून डोके न काढता एवढेच म्हणाले, "पाणी बाहेर आहे आणि रंग आतून दिलास."

त्या वाक्याचा अर्थ मला २०२३ च्या पावसाळ्यात कळला. भिंतीला बाहेरच्या बाजूने ओल पोचली, तिने आतल्या रंगाला पाठीमागून ढकलले, आणि रंगाला पुरीसारखे फोड आले. पाणी पोत्यांना वळसा घालून आत आले आणि पोत्यांनी ते परत बाहेर जाऊ दिले नाही. आम्ही एका लग्नासाठी दोन दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा कपाटाचा सर्वांत खालचा खण फुगून घट्ट बसला होता. तो मी ओढून काढला. 'प' पासून 'म' पर्यंतच्या चिठ्ठ्यांचा एक निळा लगदा झाला होता. मी शाईच्या पेनाने लिहीत असे, त्याचा तोपर्यंत मला अभिमान होता. आजी जाऊन आठ वर्षे झाली होती. तिच्याकडून घेतलेले शब्द आता पुन्हा कुणाला विचारणार? मी तो खण तसाच मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. अप्पा काठी टेकत आले, खण पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासून गॅरेजचं काम माझ्याकडे."

त्यांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते.

मी एका ठेकेदाराला बोलावले होते. त्याने पाच मिनिटांत पाहणी आटोपली. सगळी फरशी उखडायची, खालून जलरोधक थर द्यायचा, जमीन नऊ इंच उचलायची. पंचाऐंशी हजार रुपये. मुलाच्या महाविद्यालयाची फी त्याच महिन्यात भरायची होती. सौभाग्यवती बँकेत नोकरी करतात, त्यामुळे आमच्या घरचे अंदाजपत्रक त्यांच्या हाती असते. त्यांनी आकडा सांगितला, "पंधरा हजार. त्यावर एक रुपया नाही." अप्पांनी मान डोलावली. म्हणाले, "पुरतील. पण आधी एक पावसाळा नुसता बघायचा."

नुसता बघायचा म्हणजे काय, हे मला त्या जुलैत समजले. पाऊस सुरू झाला की अप्पा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत. हातात विजेरी, मांडीवर वही. फरशीवर पाण्याची कड जिथवर येई तिथे मी खडूने रेघ ओढायची आणि त्यांनी वेळ लिहायची. आठ-दहा सरींनंतर वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. दाराच्या डाव्या कोपऱ्यात पाणी येई ते पाऊस सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांत. दाराखालून सरळ रेषेत पाणी येई ते पाऊण तासाने, आणि तेही जोराच्या पावसात. उजवीकडची भिंत मात्र पावसात कोरडी असे आणि पाऊस थांबल्यावर पाच-सहा तासांनी पाझरू लागे.

"हे एक पाणी नाही, तीन आहेत," अप्पा म्हणाले. "लगेच येतं ते वरचं. थोड्या वेळानं येतं ते रस्त्याचं. आणि सगळ्यांत उशिरा येतं ते मातीतून चालत येतं. मातीतून चालायला वेळ लागतो."

चौथे पाणी असू शकते ते जमिनीखालचे. त्याची परीक्षा त्यांनी फुकटात केली. फरशीचा दीड फूट चौरस भाग स्वच्छ पुसून कोरडा केला, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरला आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. एक दिवस आणि एक रात्र तो तसाच ठेवला. कागदाच्या खालच्या बाजूला दव साचले असते तर ओल जमिनीतून वर येते असे समजायचे. वरच्या बाजूला साचले तर ती नुसती हवेतली. आमचा कागद खालून खडखडीत कोरडा निघाला. म्हणजे फरशी उखडण्याचे कारणच उरले नाही. त्या एका कागदाने पंचाऐंशी हजारांतला मोठा भाग वाचवला.

दिवाळीनंतर जमीन वाळली तेव्हा मोजणी झाली. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते. ही गवंड्यांची जुनी पाणसळ. नळीतले पाणी कुणाची बाजू घेत नाही. १९७९ मध्ये आमची फरशी रस्त्याहून नऊ इंच उंच होती, असे अप्पांच्या जुन्या नकाशावर होते. आता ती दीड इंच खाली निघाली.

छताचा हिशेब अप्पांनी मला पाठ करायला लावला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमचे गॅरेजकडे उतरणारे छत सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरचा पाऊस झाला की त्यावरून २,८०० लिटर पाणी उतरते. दोनशे लिटरची चौदा पिंपे! आणि ती सगळी आम्ही गॅरेजच्या दाराच्या डाव्या खांबाशी ओतत होतो. वळचणीचे पाणी आढ्याला गेले नव्हते; ते आमच्याच घरात येत होते.

राहिली उजवी भिंत, म्हणजे नानांच्या बाजूची. मी म्हटले, "हे मात्र त्यांचंच पाणी." अप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग टोपी घातली, काठी घेतली आणि पंधरा वर्षांनी नानांच्या फाटकाची कडी वाजवली. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. अर्ध्या तासाने नाना स्वतः गच्चीवर दिसले. त्यांच्या हातात कपड्यांच्या निळीने रंगवलेल्या पाण्याची बादली होती. एकामागून एक दहा बादल्या त्यांनी आपल्या नळीत ओतल्या. निळे पाणी खाली उतरले, आमच्या भिंतीला न शिवता त्यांच्याच पन्हळीतून मागच्या चरात निघून गेले. नाना वरून म्हणाले, "काय प्राध्यापक, दिसलं का निळं कुठं?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला आमच्याच फुलझाडांच्या वाफ्यात तासभर नळ सोडायला सांगितला. संध्याकाळी उजवी भिंत पाझरू लागली.

तो वाफा मी केला होता. २०२० च्या टाळेबंदीत, हातांना काही उद्योग हवा म्हणून, भिंतीलगत विटा लावून, बाहेरून माती आणून मी मोगरा आणि जास्वंद लावली होती. घराच्या जोत्यावर ओल वर चढू नये म्हणून बांधतानाच एक थर दिलेला असतो. मी हौसेने टाकलेली माती त्या थराच्या वर हातभर चढली होती, आणि भिंत ते पाणी सावकाश पीत होती. दोन वर्षे मी शेजाऱ्याकडे बोट दाखवत होतो आणि पाणी मुरत होते ते माझ्या मोगऱ्याखाली. मी नानांकडे जाऊन तसे सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काम काढले. बीड जिल्ह्यातले एक मिस्त्री आणि त्यांचा एक जोडीदार, दोन दिवस. पहिल्याच सकाळी वाफा काढला, माती जोत्याच्या थराखाली सहा इंच नेली आणि पाच फुटांत तीन इंच असा तिला भिंतीपासून बाहेर उतार दिला. मोगरा कुंडीत गेला. भिंतीवरची चीर मिस्त्रींनी छिन्नीने आधी मोठी केली. मी ओरडलो तेव्हा म्हणाले, "सर, बारीक भेगंत मसाला बसत न्हाई. आधी तोंड उघडावं लागतं." मग तीत सिमेंटमध्ये चिकट द्रव मिसळलेला मसाला भरला, आणि तोही बाहेरच्या बाजूने.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "कोपऱ्यात वाटा मारतो." कोणाचा वाटा, म्हणून मी विचारले. ते हसू लागले. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलसर पट्टी करतात, म्हणजे पाणी तिथे न थांबता घसरते. तिला गवंडी 'वाटा' म्हणतात. वीस वर्षे शब्द जमवणाऱ्या माणसाच्या घराच्या प्रत्येक गच्चीवर हा शब्द होता आणि मला ठाऊक नव्हता. मी खिशातून चिठ्ठी काढली.

रस्त्याच्या पाण्यासाठी दोन गोष्टी केल्या. दाराच्या रेषेत दोन इंच उंचीचा सिमेंटचा उंबरठा केला. त्याच्या दोन्ही कडा निमुळत्या ठेवल्या म्हणजे स्कूटर अडत नाही. आणि त्याच्या बाहेर, दाराच्या पूर्ण दहा फूट लांबीचा, सहा इंच रुंदीचा चर काढून वर लोखंडी जाळी टाकली. जाळी पक्की बसवली नाही. ती उचलता आली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात पाने अडकून चर भरतो आणि मग तो असून नसल्यासारखा. चराला दहा फुटांत सव्वा इंच उतार दिला. मिस्त्रींचे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे, "पान्याला अडवू नका सर, पान्याला वाट द्या. अडवलं की ते दुसरं दार हुडकतंय."

पण वाट द्यायची कुठून? रस्ता उंच, म्हणून पुढे नाही. घरातल्या सांडपाण्याच्या नळाला जोडणे सर्वांत सोपे होते, पण ती चूक कुणी करू नये. जोराच्या पावसात तो नळ तुंबतो आणि नको ते पाणी न्हाणीघरातून उलटे वर येते. एकच मार्ग होता. सामाईक भिंतीलगत मागे, सोसायटीच्या पावसाळी नाल्याकडे. त्या पट्टीत काही हात जागा नानांची होती. या वेळी मी अप्पांबरोबर गेलो. नानांनी दोन अटी घातल्या. चर वरून झाकायचा, आणि दर मे महिन्यात दोन्ही घरांनी मिळून तो साफ करायचा. शेवग्याचा विषय कुणी काढला नाही. छताचे पाणीही चार इंची नळीने त्याच चरात सोडले.

शेवटी दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावली आणि स्कूटर भारित करण्याचा विजेचा बोर्ड जमिनीपासून तीन फूट वर घेतला. पाणी आणि वीज यांची गाठ घरात पडू देऊ नये. हा खर्च कुणी वाचवू नये. सिमेंटवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचे काम अप्पांनी आपल्याकडे ठेवले. पाणी थोपवणाऱ्यालाच आधी पोटभर पाणी पाजावे लागते, हे मला तेव्हा समजले.

हिशेब देतो, कारण वाचकांना तोच हवा असणार. मजुरी ४,२००, सिमेंट १,५२०, वाळू आणि खडी १,८००, नळ्या आणि जोड १,७००, लोखंडी जाळी ३,५००, रबरी पट्टी ९००, मसाल्यात घालायचा द्रव ६००. एकूण १४,२२० रुपये. उरलेल्या ७८० मध्ये विजेचा बोर्ड वर गेला. माझ्या रंगाचे आणि पोत्यांचे ७,४०० यात धरलेले नाहीत. ती शिकवणीची फी.

जुलै २०२४ मध्ये परीक्षा झाली. २५ तारखेला पुण्यात फार मोठा पाऊस झाला, धरणातून पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. त्यापुढे दोन इंचांच्या उंबरठ्याची काय कथा? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला होता, तो आमच्या घरापासून फार लांब नव्हता. नदी-ओढे घरात येतात तेव्हा माणसाने वस्तूंचा मोह सोडून वर जावे, हेच खरे. मी सांगतो आहे ते रोजच्या पावसाबद्दल.

त्या दिवशी आमचे गॅरेज कोरडे राहिले. अगदी ठणठणीत म्हणणार नाही. वाऱ्याबरोबर झड आली तेव्हा दाराच्या फटीतून हातभर जागा भिजली. ती मी फडक्याने पुसली. कपाट आता दोन विटांवर उभे आहे. संध्याकाळी नाना छत्री घेऊन 'चर वाहतो का बघू' म्हणून आले आणि बसले. अप्पा खुर्चीत, नाना स्टुलावर, मी पायरीवर, असा आम्ही चहा घेतला. छताच्या कडेवरून धारा लागल्या होत्या. नाना मूळचे रत्नागिरीकडचे. ते म्हणाले, "आमची आई या धारांखाली घागर लावायची. पागोळ्या म्हणायचो आम्ही यांना. तुमच्याकडे काय म्हणतात?"

'पागोळी' माझ्याकडे होती. खालच्या खणात, आजीच्या नावाने. मी कोरी चिठ्ठी काढली आणि या वेळी पेन्सिलीने लिहिली. नानांनी मग पन्हळ सांगितले, पाणंद सांगितली. अप्पांनी खात्यातला 'पाट' सांगितला आणि पोटपाटाचा फरक समजावून दिला. दिवे गेले तरी दोघे थांबेनात. खण अजून पाव भरलेला नाही. आजीचे काही शब्द कायमचे गेले, ते कुणाच्या सांगण्याने येणार नाहीत. पण मे महिन्यात चर साफ करताना नानांना आणखी दोन-चार आठवतात.

आता दिवाळी. घरोघर रंगरंगोटी चालू असेल. वाचकहो, एक विनंती आहे. यंदाच्या पावसाने भिंतीवर ज्या रेघा आणि डाग सोडले असतील, त्यांच्यावर रंगाचा हात फिरवण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि डाग जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून लिहा. घरात कुणी वडीलधारे असतील तर त्यांना ती वही दाखवा. रंग काय, पुढच्या आठवड्यातही देता येईल.